न ऐकू आलेली शिट्टी

नाथान वाकरुळकरला आपल्या कानांबद्दल पहिली शंका आली ती येहुदितमुळे. त्याची बायको ओट्याशी कणीक मळत होती आणि हातातलं घड्याळ काढून तिनं टेबलावर, अगदी त्याच्या ताटाशेजारी ठेवलं होतं.

"अरे, ते बंद कर ना. माझे हात पिठाचे आहेत," ती म्हणाली.

"काय बंद करू?"

येहुदित वळून त्याच्याकडे बघत राहिली. घड्याळाचा गजर केव्हाचा टिर्रटिर्र करत होता. नाथाननं ते उचलून कानाला लावलं, तेव्हा कुठे आतून काहीतरी किरकिरल्यासारखं वाटलं.

"विचारात होतो," तो म्हणाला.

ही सबब त्याला पुढे बरीच पुरली. घरी पुरली, रस्त्यात पुरली. कामावर मात्र सबबी चालण्यासारख्या नव्हत्या, कारण नाथानचं कामच मुळी कानाचं होतं.

त्याच्या वडिलांचं मुंबईत, माझगावला, लाउडस्पीकर भाड्यानं देण्याचं दुकान होतं. सतराव्या वर्षी आईबापांबरोबर तो इस्रायलला आला, किर्यात गात गावातल्या एका कारखान्यात लागला आणि तिथल्या सणासमारंभांना माईक लावता लावता साऊंडवाला झाला. आता तो पन्नाशीला टेकला होता. एरान नावाच्या माणसाची साऊंडची छोटी कंपनी होती, तिचा मिक्सर, म्हणजे सगळ्या माईकांचे आवाज कमीजास्त करायचं यंत्र, गेली कित्येक वर्षं नाथानच सांभाळत असे. कामं सगळी कंपन्यांची: वार्षिक मेळावे, नव्या मालाचे समारंभ, बक्षिसं वाटणं. नाथान म्हणायचा, लग्नात माईकनं शिट्टी मारली तर लोक हसतात आणि पुन्हा नाचायला लागतात. पण मोठे साहेब आकडे सांगत असताना माईकनं शिट्टी मारली, की त्या कंपनीचा फोन पुन्हा येत नाही. आपलं काम उत्तम झालं म्हणजे काय, तर आपण तिथे होतो हे कोणाच्या लक्षातही राहिलं नाही.

तरुणपणी सैन्यात तो तोफखान्यात होता. नंतरही दरवर्षी राखीव सैनिक म्हणून बोलावणं आलं की तोफांशेजारी उभं राहणं आलंच. उरलेले दिवस भिंतीएवढ्या स्पीकरांसमोर. कानांनी कधीतरी हिशेब मागायचाच होता. पण घरी गजर ऐकू आला नाही म्हणून माणूस लगेच डॉक्टरकडे धावत नाही, आणि ज्याची भाकरी कानावर आहे तो तर मुळीच नाही.

गेल्या उन्हाळ्यात बेअर शेवात एका विमा कंपनीचा कार्यक्रम होता. स्टेजवरच्या जोडण्या इस्रायल नावाच्या पोरानं केल्या होत्या. हा ओफाकिम गावचा, नाथानसारखाच बेने इस्रायली, म्हणजे मराठी बोलणारा ज्यू, तिशीचा, नुकतं लग्न झालेला. नाथाननंच त्याला या धंद्यात आणलं होतं. अध्यक्ष बोलायला उभे राहिले आणि थोड्या वेळात लोक माना वळवून मागे, मिक्सरकडे बघायला लागले. नाथानला काही कळेना. त्याच्या कानात अध्यक्षांचा आवाज नीट येत होता. मग पुढच्या रांगेतल्या एका बाईनं दोन्ही कानांवर हात ठेवले. त्यानं झटकन सगळा आवाज खाली ओढला. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

कार्यक्रम संपल्यावर एरान लालबुंद होऊन आला. "काय होतं ते?"

नाथाननं तोंड उघडलं आणि त्यातून बाहेर पडलं, "स्टेजची जोडणी इस्रायलनं केली होती."

वाक्य खोटं नव्हतं. जोडणी त्यानंच केली होती. पण एरानला तेवढंच पुरलं. त्यानं सगळ्यांच्या देखत इस्रायलला उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितलं. इस्रायलनं एकदाच नाथानकडे पाहिलं. मग हातातली केबल नीट वळली, पेटीत ठेवली आणि तो निघून गेला.

जोडणीच सैल असेल, असं नाथाननं स्वतःला समजावलं. रोज समजावत राहिला.

डिसेंबरात एलातचं काम आलं. किर्यात गातमधल्या प्लास्टिकच्या एका कारखान्याला पंचवीस वर्षं झाली होती, म्हणून मालकांनी सगळ्या कामगारांना बसेस करून समुद्रकाठच्या हॉटेलात आणलं होतं. सकाळी मोठ्या हॉलमध्ये समारंभ, मग जेवण. एरान आणि नाथान आदल्या दिवशीच व्हॅन घेऊन पोचले. एरान पडद्यावरची चित्रं सांभाळणार होता, नाथान आवाज.

सकाळी हॉल रिकामा असताना नाथाननं आवाज लावून पाहिला. सगळं त्याला मंद वाटलं, झाकण घातल्यासारखं. हॉटेलातले जाड गालिचे आणि पडदे आवाज पिऊन टाकतात हे त्याला माहीत होतं. मिक्सरच्या इक्वलायझरवर खालपासून उंचापर्यंत प्रत्येक स्वराची वेगळी सरकती कळ होती, त्यातल्या बारीक, उंच आवाजांच्या कळा त्यानं थोड्या वर सरकवल्या. तरी मंदच. आणखी वर सरकवल्या. आता कुठे शब्दांना धार आली असं त्याला वाटलं.

तेवढ्यात भाषण करणाऱ्यांपैकी एक मुलगी माईक लावून घ्यायला आली. अपूर्वा, पुण्याची इंजिनिअर, वर्षभरासाठी कारखान्यात आलेली. नव्या यंत्राच्या आराखड्यावर तिनं काम केलं होतं आणि ते यंत्र लोकांना समजावून सांगायचं काम साहेबांनी तिच्यावर टाकलं होतं. नाथान तिच्या कॉलरला माईक लावत असताना ती पुटपुटली, "बाप रे, केवढा हॉल आहे."

"घाबरू नको, बाय," नाथान मराठीत म्हणाला.

ती दचकली, मग हसली. "तुम्ही मराठी?"

"आम्ही कोकणातले. नंतर मुंबईचे. आता किर्यात गातचे."

"काका, माझा आवाज फार लहान आहे. कॉलेजात पण सगळे ओरडायचे, मोठ्यानं बोल म्हणून."

"तू तुझ्या आवाजात बोल. मोठा करायला मी बसलोय."

ती गेली आणि हॉल भरू लागला. सर्वांत पुढच्या रांगेत जुन्या कामगारांना बसवलं होतं, त्यांना आज सत्काराच्या ढाली मिळायच्या होत्या. त्यांच्यातली एक बाई उठून थेट मिक्सरपाशी आली. रोझ आँटी, ओफाकिमहून रोज बसनं कामाला येणारी, पॅकिंग खात्यातली. इस्रायलची सख्खी आत्या. आज तिनं रेशमी साडी नेसली होती.

"काय रे नाथान, बरा हायस ना?"

"बरा आहे, आँटी."

ती जरा घुटमळली. "मला केव्हाचं तुला भेटायचं होतं. आमच्या पोरानं तुझं नाक कापलं त्या बेअर शेवाला. तू त्याला हाताला धरून शिकवलंस, नि त्यानं असं केलं. मला फार शरम वाटली रे."

"तसं काही नाही, आँटी."

"नाही कसं? आता बसलाय घरी. बायकोशी पण धड बोलत नाही." तिनं त्याच्या दंडावर थोपटलं. "तू मन मोठं ठेव. जमलं तर एरानकडे शब्द टाक."

ती आपल्या जागी गेली. तिची मैत्रीण सोफी तिला काहीतरी विचारत होती. दोघी मागे वळून नाथानकडे बघून हसल्या. नाथाननं हेडफोन चढवले आणि मान खाली घातली.

समारंभ सुरू झाला. निवेदन करणारी नुरीत सराईत होती, माईक ओठांशी धरून खणखणीत बोलायची. तिच्यासाठी आवाज फारसा वाढवावा लागत नव्हता. मालकांचं भाषणही दणदणीत झालं. मग दिवे मंद झाले, पडद्यावर यंत्राचं चित्र आलं आणि अपूर्वा स्टेजवर आली.

तिनं बोलायला सुरुवात केली. खरंच फार हळू आवाज. मागच्या रांगा पुढे झुकल्या. नाथाननं तिचा आवाज वाढवला. आणखी वाढवला. ती एक वाक्य बोलली, दुसरं अर्धं बोलली आणि थांबली.

घाबरली, त्याला वाटलं. बोल बाय, बोल.

ती बोलेना. तिचा चेहरा वेडावाकडा झाला होता आणि ती स्टेजच्या कडेला ठेवलेल्या मॉनिटरपासून, बोलणाऱ्याला आवाज ऐकवणाऱ्या स्पीकरच्या पेटीपासून, मागे सरत होती. नाथानची नजर मिक्सरवर गेली. तिच्या नावाच्या पट्टीवर, माईकमध्ये आवाज शिरला की उजळणारा दिवा पेटलेला होता. तोंड बंद आणि दिवा चालू. त्यानं मान वर केली. रांगांमागून रांगा, माणसांचे हात कानांवर होते. एक लहानगी आईच्या कुशीत तोंड खुपसून रडत होती. तिचं रडणं त्याला ऐकू येत होतं. बाकी काही नाही. हेडफोन काढले, तरी नाही. सगळ्या हॉलला बोचणारं ते जे काही होतं, ते त्याच्यासाठी नव्हतंच.

त्यानं आवाज खाली ओढला. हात खाली आले. माना मागे वळल्या.

नुरीत झटपट पुढे आली आणि आपला माईक अपूर्वाच्या हातात दिला. नाथाननं तो चालू केला. अपूर्वा दोन शब्द बोलली, पुन्हा दिवा तसाच पेटून राहिला आणि पुन्हा हात कानांवर गेले. दोन वेगळे माईक आणि दोन्हींना तेच. म्हणजे दोष माईकचा नव्हता आणि जोडणीचाही नव्हता. स्टेजच्या जोडण्या तर आज नाथाननं स्वतःच केल्या होत्या.

मग त्याची नजर सकाळी वर सरकवलेल्या कळांवर गेली.

मंद काही नव्हतंच. गालिचे नव्हते, पडदे नव्हते. मंद त्याचेच कान होते, आणि त्या कानांना बरं वाटावं म्हणून त्यानं अख्ख्या हॉलचे उंच आवाज चढवून ठेवले होते. बेअर शेवातही हेच केलं होतं. तिथेही त्याला आवाज झाकोळलेला वाटला होता, तिथेही याच कळा.

त्यानं सगळ्या कळा मध्यावर आणल्या. आवाज थोडा वर केला. दिव्यानं पुन्हा उसळी घेतली. या हॉलमध्येच एखादा स्वर घुमून नडत होता, त्याची कळ शोधून खाली घ्यायला हवी होती, आणि ती शोधतात कानानं. सगळ्याच उंच कळा तळाला नेल्या असत्या तर शिट्टी गेली असती, पण त्या मुलीचा लहानसा आवाज गोधडीखालून आल्यासारखा झाला असता. मालक आपल्या खुर्चीत अर्धवट वळून बसले होते. त्यांचा कोणीतरी माणूस मधल्या वाटेनं मिक्सरकडे चालत येत होता. दुसऱ्या बाजूनं एरान धावत निघाला होता.

मिक्सरवर एक छोटा माईक होता. त्यात बोललेलं फक्त स्टेजवरच्या मॉनिटरमध्ये ऐकू जायचं, बोलणाऱ्याला सूचना देण्यासाठी. नाथाननं त्याचं बटण दाबलं.

"अपूर्वा, मी नाथानकाका. मान हलव ऐकू येत असेल तर."

तिनं मान हलवली.

"आत्ता शिट्टी येतेय?"

तिनं गोंधळून त्याच्या दिशेनं पाहिलं. असं काय विचारतात, असं तिच्या चेहऱ्यावर होतं. तिनं मान हलवली.

एरान अगदी जवळ आला होता. पण एरानला मराठी येत नव्हतं.

"मला ती ऐकू येत नाही, बाय. माझे कान गेलेत. तू माझ्यासाठी ऐक. मी एकेक कळ खाली घेतो. शिट्टी थांबली की हात वर कर."

मग तिनं यंत्राच्या चित्राकडे पाठ केली, पाय रोवले आणि डोळे मिटले.

"काय झालंय?" एरान कानाशी फिसकारला. "केबल बदलू?"

"थांब."

"लोक बघतायत, नाथान."

"थांब म्हटलं ना."

त्यानं आवाज जेमतेम एवढा ठेवला की दिवा लुकलुकत राहावा. पहिली कळ खाली घेतली. स्टेजवर हात हलला नाही. ती वर नेली, दुसरी खाली. काही नाही. तिसरी. हॉलमध्ये खोकल्याचे, खुर्च्या सरकण्याचे आवाज सुरू झाले. मालकांचा माणूस येऊन उभा राहिला आणि एरान त्याला हातवारे करून काहीतरी समजावू लागला. चौथी कळ नाथाननं बोटाच्या टोकानं हळूच खाली ढकलली आणि स्टेजवर अपूर्वाचा हात वर गेला.

त्यानं आवाज वाढवला. हात खाली आला, तिनं नाक मुरडून मान हलवली. आणखी एक शिट्टी, दुसरीकडची. पुन्हा कळा. पुन्हा हात वर. त्यानं आवाज आणखी वाढवला आणि या वेळी हात वरच राहिला.

"आता बोल," नाथान म्हणाला. "पहिल्यापासून."

तिनं पहिल्यापासून सुरुवात केली. मागच्या रांगा परत खुर्च्यांना टेकल्या. म्हणजे त्यांना ऐकू येत होतं. नाथानला मात्र तिचे शब्द बोथट, कडा झिजलेले ऐकू येत होते, आणि त्याचा उजवा हात सारखा त्या उंच कळांकडे जाऊ बघत होता. थोडं, अगदी थोडं वर करावं. त्यानं तो हात मांडीखाली दाबून धरला आणि तिचं भाषण संपेपर्यंत काढला नाही. टाळ्या झाल्या. त्या त्याला नीट ऐकू आल्या.

लोक जेवायला गेल्यावर एरान येऊन पेटीवर बसला. कपाळ पुसत म्हणाला, "वाचवलंस रे. काय बोलत होतास तिच्याशी? काहीही असो, वाचवलंस. तो माईकचा रिसीव्हर गेला असणार. नाहीतर इस्रायलनं जोडलेली एखादी जुनी केबल अजून आपल्यात फिरतेय. पोरगा गेला तरी त्याची घाण आपण निस्तरतोय."

नाथानला पळवाट पुन्हा उघडी होती. मागच्या वेळी एक वाक्य तरी बोलावं लागलं होतं. या वेळी नुसतं गप्प बसलं तरी चालणार होतं.

स्टेजजवळ रोझ आँटी उभी होती. ढाल छातीशी धरून, जेवायला न जाता. पुढची रांग मॉनिटरपासून फार लांब नव्हती हे नाथानच्या तेव्हा लक्षात आलं. तो तिच्याकडे चालत गेला.

"आम्हांला सगळं ऐकू आलं," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "मला नि सोफीला. बाकी कोणाला मराठी येत नाही."

"आँटी..."

"मघाशी मी तुझ्याकडे माफी मागून गेले. तू घेतलीस."

नाथानला मान वर करता येईना. ती आणखी काही बोलेल म्हणून तो उभा राहिला, पण तिनं पदर सारखा केला आणि ती सोफीच्या मागोमाग निघून गेली.

तो परत आला. एरान केबल वळत होता.

"रिसीव्हर चांगला आहे," नाथान म्हणाला. "केबलही. मला उंच आवाज ऐकू येत नाहीत, एरान. वर्षभर झालं असेल, जास्तही असेल. सकाळी मीच कळा चढवून ठेवल्या होत्या."

एरानचे हात थांबले. "आज?"

"आज. आणि बेअर शेवाला."

एराननं केबल जमिनीवर टाकली. "मी त्याला सगळ्यांसमोर हाकललं. तू माझ्या शेजारी उभा होतास."

"हो."

"त्याचं तर लग्न नुकतंच झालं होतं."

"हो."

एरान ओरडला असता तर नाथानला सोपं गेलं असतं. तो ओरडला नाही. उरलेलं सामान दोघांनी भरलं. व्हॅन भरून होत आली तेव्हा अपूर्वा धावत येऊन म्हणाली, "काका, मालक म्हणाले छान झालं." नाथाननं तिचे आभार मानले. तिला अजून काही विचारायचं होतं, पण ती थांबली, आणि "कानांचं दाखवून घ्या" एवढंच म्हणून गेली.

एलातहून वर येणारा रस्ता वाळवंटातून लांबच लांब जातो. एरान गाडी चालवत होता. बेअर शेवाच्या अलीकडे तो पहिल्यांदा बोलला. "तुला किर्यात गातला सोडू?"

"ओफाकिमला सोड," नाथान म्हणाला.

इस्रायलचं घर कामगारांच्या जुन्या चाळवजा इमारतीत दुसऱ्या मजल्यावर होतं. ऊन अजून भिंतींवर होतं. एरान खाली गाडीतच थांबला. दार इस्रायलनंच उघडलं. नाथानला बघून त्यानं बाजूला सरून वाट दिली नाही, दारही लावलं नाही.

नाथाननं उभ्या उभ्या सगळं सांगितलं, मराठीत. सबबी सांगितल्या नाहीत. घड्याळाचं सांगितलं, कळांचं सांगितलं, ते एक वाक्य आपण का बोललो तेही सांगितलं: भीती वाटली म्हणून.

इस्रायल नेहमीसारखाच हिब्रूत उत्तरला. "मी तुम्हाला त्या दिवशी म्हटलं होतं, अंकल. कार्यक्रमाआधी. म्हटलं, उंच आवाज फार चढलेत, कानाला टोचतायत. आठवतं?"

नाथानला आठवलं. आजवर आठवलं नव्हतं, किंवा त्यानं आठवू दिलं नव्हतं.

"तुम्ही म्हणालात, तू केबल वळ. मिक्सर माझा आहे."

आतून इस्रायलची बायको मेराव काय चाललंय ते बघायला आली आणि नवऱ्याच्या मागे उभी राहिली. कोणीच कोणाला बसा म्हणालं नाही.

"खाली एरान आहे," नाथान म्हणाला. "त्याला तुझ्याशी बोलायचंय. वर यायला धजत नाही."

इस्रायलनं बायकोकडे पाहिलं. मग चपला घातल्या आणि नाथानच्या अंगावरून जिना उतरून गेला.

त्या आठवड्यात येहुदित नाथानला कुपत खोलिमच्या, म्हणजे आरोग्य विम्याच्या, दवाखान्यात घेऊन गेली. काचेच्या खोलीत बसवून त्याच्या कानांची तपासणी झाली. डॉक्टरीणबाईंनी कागदावरची रेघ दाखवली. ती सपाट चालत आली होती आणि मग जिना घसरल्यासारखी खाली गेली होती. जे गेलं ते परत येणार नाही, त्या म्हणाल्या, जे आहे ते सांभाळा. घरी आल्यावर येहुदित म्हणाली, "मला तरी सांगायचं होतंस."

एराननं त्याला काढलं नाही. स्टेजवर जाऊन माणसांच्या कॉलरला माईक लावायचे, बोलणाऱ्यांना धीर द्यायचा, केबली ओढायच्या, हे काम त्याच्याकडे आलं. मिक्सरवर इस्रायल बसू लागला. कामापुरतं दोघं बोलत. रोझ आँटी पुढच्या सणाला भेटली तेव्हा तिनं नाथानची चौकशी केली, पण आधीसारखं दंडावर थोपटलं नाही.

हिवाळा संपता संपता जेरुसलेमला एका औषध कंपनीचा कार्यक्रम होता. सगळे माईक लावून झाल्यावर नाथान सवयीनं मिक्सरमागे येऊन उभा राहिला आणि इस्रायलच्या बोटांकडे बघू लागला. बोटं एका कळेवर थांबली होती. इस्रायलनं मान न वळवता, या वेळी मराठीत, म्हटलं, "अंकल, मागे उभे राहू नका. मला अवघडल्यासारखं होतं."

नाथान "बरं" म्हणाला आणि स्टेजच्या बाजूला जाऊन, जिथून काही दिसत नाही अशा खुर्चीवर, कार्यक्रम सुरू होण्याची वाट बघत बसला.